अप्पांची जीप: आधी कागद, मग ब्रेक, रंग सगळ्यात शेवटी

वाचकाचं पत्र

माझ्या वडिलांची, म्हणजे अप्पांची, १९६८ सालची महिंद्राची पेट्रोल जीप आमच्या संगमेश्वर तालुक्यातल्या घरामागच्या मांगरात उभी आहे. अप्पांना जाऊन पाच वर्षं झाली, त्याच्याही आधी बरीच वर्षं ती कुणी चालू केलेली नाही. मांगराचं छप्पर मागून गळतं. मागचा पत्रा गंजाने खाल्लाय आणि ड्रायव्हरच्या पायाखाली तर जमीन दिसते. हँडल मारून पाहिलं, इंजिन जागचं हलत नाही. मी पुण्यात नोकरी करतो, महिन्यातून एखाद-दोनदा गावी जातो. घरच्या घरी, सुट्टीच्या दिवशी काम करून ती पुन्हा उभी करावी असं मनात आहे. गावातले मिस्त्री म्हणतात, हे इंजिन काढून टाका, महिंद्राच्याच जुन्या एमएम-५४० जीपचं डिझेल इंजिन बसवून देतो. धाकटे काका म्हणतात, भंगारवाला वजनावर न्यायला तयार आहे, देऊन मोकळा हो. आई काहीच बोलत नाही. आरसी बुक अजून अप्पांच्या नावावर आहे आणि त्याची मुदत कधीच संपली आहे. सुरुवात कुठून करू? की काकांचं ऐकू?

— एक वाचक, पुणे

उत्तर

नमस्कार,

गाडी भंगारात देऊ नका आणि तिचं इंजिनही काढू नका. दोन्हीची कारणं पुढे सांगतो.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात बरी वाटलेली गोष्ट ही, की गाडी अजून अख्खी आहे. घरी हाती घेतलेल्या जुन्या जीपा गंजाने कमी मरतात आणि सुट्या करून ठेवल्यामुळे जास्त मरतात. पहिल्या उत्साहात बॉनेट, मडगार्ड, टब (म्हणजे गाडीची पत्र्याची बॉडी), सगळं उतरवलं जातं. नटबोल्ट एका डब्यात पडतात. पावसाळा येतो, काम थांबतं आणि पुढे कुठला बोल्ट कुठचा हे कुणालाच सांगता येत नाही. शेवटी तेच भाग पोत्यात भरून भंगारात जातात. तेव्हा एक नियम आत्ताच ठरवून टाका: एका वेळी एकच भाग उघडायचा आणि तो बंद केल्याशिवाय दुसऱ्याला पाना लावायचा नाही. गाडी आधी चालती करायची. नवी दिसेल की नाही, हा प्रश्न नंतरचा.

पाना हातात घेण्याआधी कागद. आरसी बुकातला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतो का, ते पाहा. तुमच्या इंजिनावर नंबर ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, पाण्याच्या पंपाजवळ कोरलेला असतो. त्यावर तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर अजिबात चालवू नका. डिझेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने हळूहळू पुसा, खडू घासा, फोटो काढा. चेसिस नंबरचंही तसंच. हे आकडे एकदा घासले गेले, की सगळ्या मेहनतीनंतर हातात बिनकागदाची गाडी उरते.

नंबर जुळले, तर वारस म्हणून गाडी नावावर करून घेण्याचा अर्ज फॉर्म ३१ वर होतो आणि नोंदणीचं नूतनीकरण फॉर्म २५ वर. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते, नंतर तपासणी करून दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. उशिराचा दंड, पर्यावरण कर, विमा, नवी सुरक्षा नंबरप्लेट हा खर्च हिशेबात धरा. घरात इतर वारस आहेत, तेव्हा त्यांचं ना-हरकत पत्रही लागेल. आई आणि भावंडं यांच्याशी हे बोलणं आधी होऊ दे. आरटीओत प्रत्यक्ष जाऊन विचारा, एजंटाच्या भरवशावर राहू नका, कारण जुन्या नोंदी कधी कधी संगणकावर चढलेल्याच नसतात आणि मग मूळ आरसी बुकच तुमचा एकमेव पुरावा असतो. ते बुक भंगारवाल्याला ‘बघायला’सुद्धा देऊ नका.

दुसरा एक रस्ता तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या आणि मूळ रूपात असलेल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज नोंदणीचे नियम आणले. त्यात नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. ऐकायला छान वाटतं. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांपुरतीच परवानगी असते. तुम्हाला आईला बसवून गावातल्या देवळापर्यंत न्यायचं असेल, तर साध्या नोंदणीचं नूतनीकरणच बरं.

आता डिझेलबद्दल. मिस्त्रींचा हेतू वाईट नाही. पेट्रोल महागलं तेव्हा महाराष्ट्रातल्या कितीतरी जीपांमध्ये डिझेल इंजिनं बसली आणि त्यांच्या मालकांचं पोट त्यावर चाललं. ज्याला रोज वडापच्या फेऱ्या मारायच्या होत्या, त्याच्यासाठी तो निर्णय बरोबर होता. तुमची गाडी महिन्यातून दोनदा चालणार आहे. तुम्ही डिझेलमुळे जे वाचवाल, त्यातून ते इंजिन बसवण्याचा खर्च कधीही भरून निघणार नाही. शिवाय डिझेल इंजिन जड असतं आणि जास्त थरथरतं. त्याचा भार मूळ पेट्रोल इंजिनासाठी जुळवलेल्या गिअरबॉक्सवर, पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर आणि आधीच अशक्त असलेल्या ब्रेकवर येतो. त्यात इंधन बदलणं म्हणजे आरसीमधली माहिती बदलणं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे त्याला आरटीओची आधी परवानगी लागते. आणि विंटेज नोंदणीचं दार तर कायमचंच बंद होतं.

याशिवाय मला मनापासून वाटणारं एक कारण आहे. तुमच्याकडे असलेलं इंजिन जपण्यासारखं आहे. महिंद्राने १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलीज या अमेरिकन कंपनीच्या जीपा सुट्या भागांतून जोडायला सुरुवात केली आणि पुढे त्या इथेच बनवल्या. तुमची बहुधा सीजे-३बी मॉडेलची असावी. दोन्ही एक्सलमधलं अंतर ८० इंच आणि बॉनेट आधीच्या जीपांपेक्षा उंच, अशी तिची ठेवण असते, ती जुळते का बघा. ही उंची इंजिनामुळे आली. विलीजच्या आधीच्या इंजिनात दोन्ही वाल्व्ह ब्लॉकमध्ये होते. या २.२ लिटरच्या ‘हरिकेन’मध्ये इनटेक वाल्व्ह वर हेडमध्ये गेले आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्येच राहिले. इंजिन उंच झालं, म्हणून १९५३ मध्ये बॉनेट वर उचलावं लागलं. चार सिलिंडर, एक कार्बोरेटर, संगणक नाही, सेन्सर नाही. साध्या हत्यारांनी घरी उघडून समजून घेता येईल असं इंजिन आहे ते. इतकी वर्षं ही गाडी देशात बनत आणि चालत राहिल्यामुळे तिचे भागही अजून सापडतात. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याला विचारा, नाहीच मिळालं तर दिल्लीच्या कश्मीरी गेटला ओळखीच्या माणसाकरवी शोधा.

पुढच्या फेरीत मांगरात शिराल, तेव्हा आधी काठी घेऊन शिरा. सीटखाली, मडगार्डच्या आत, बॉनेटखाली साप किंवा विंचू असू शकतो. उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं असणारच. कुंभारीण माशीने सायलेन्सरच्या तोंडात, पेट्रोलच्या उघड्या नळीत, ब्रेकच्या नळीत मातीची घरटी केलेली असतात. ती न काढता इंजिन चालू करायला गेलात, तर कारण शोधण्यात दिवस जाईल. छप्पर दुरुस्त करणं हेही गाडीचंच काम समजा, आणि ते पहिलं करा. गळत्या छपराखाली घातलेला प्रत्येक रुपया पुढच्या आषाढात वाहून जातो.

गाडी वर घेण्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे माणसं मरतात. कोकणात हाताशी जांभ्याचे चिरे असतात आणि सहज एखादा चिरा चेसिसखाली सरकवला जातो. जांभा भिंतीत भार पेलतो, कारण तिथे भार पसरलेला असतो. एक्सलच्या टोकाचा भार एका बिंदूवर आला, की तो अचानक फुटतो. विटांचंही तेच. लोखंडी घोड्या विकत घ्या, चारही, आणि सपाट कठीण जमिनीवर ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

दुसरं, या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समागचा, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) मागे, प्रोपेलर शाफ्टवर एक छोटा ड्रम असतो, त्यावर तो लागतो. म्हणून मागचा शाफ्ट किंवा त्याचा क्रॉस (शाफ्टचा फिरता सांधा) काढला, की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी मोकळी असते. मागचं एक चाक जॅकवर उचललं तरी तेच होतं, कारण डिफरन्शियलमुळे उचललेलं चाक फिरतं आणि गाडी सरकते. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे ओंडके लावल्याशिवाय काम सुरू करायचं नाही.

हत्यारं घेताना एक लक्षात ठेवा: या गाडीचे नटबोल्ट इंचातले आहेत. मिलिमीटरचा ‘जवळजवळ बसणारा’ पाना लावला, की गंजलेल्या बोल्टचं डोकं गोल होतं. इंचातला गोटी पाना संच आणि रिंग पाने ही तुमची पहिली खरेदी. डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असू शकतात. बोल्टच्या टोकावर ‘एल’ अक्षर दिसलं, तर ते उजवीकडे फिरवून सुटतात. हे माहीत नसल्यामुळे पाइप लावून, जोर करून कितीतरी स्टड तोडले जातात.

इंजिन जाम आहे म्हणता. बहुतेक वेळा पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने धरलेल्या असतात, याचा अर्थ इंजिन संपलं असा नाही. गाडी बांधून ओढून गिअरमध्ये सोडायचा सल्ला गावात नक्की मिळेल, तो ऐकू नका. रिंगा तुटतात, अडकलेले वाल्व्ह वाकतात आणि जे आठवड्यात सुटलं असतं, त्याला पूर्ण बोरिंग, म्हणजे सिलिंडर आतून कातून घेणं, लागतं. चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल समप्रमाणात मिसळून दोन-तीन चमचे सोडा. भोकांवर फडकं ठेवा आणि पुण्याला परत जा. तुमचं महिन्यातून एकदा येणं इथे फायद्याचं ठरतं, कारण या कामाला ताकदीपेक्षा मुरायला वेळ लागतो. पुढच्या फेरीत पुन्हा तेवढंच ओता आणि हँडल थोडं मागे, थोडं पुढे, असं हलवून बघा. केसभर जरी हललं, तरी त्या दिवसाचं काम झालं समजा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीसारखा पलीकडून वळवू नका. पुढे कधी इंजिनाने उलटा झटका दिला, तर अंगठा मोडणार नाही.

इंजिन फिरायला लागलं, तरी सेल्फ मारू नका. ब्लॉकच्या बाजूला एक झाकण असतं, ते उघडा. आत एक्झॉस्ट वाल्व्हच्या स्प्रिंगा आणि टॅपेट दिसतात. कुणाकडून तरी हँडल हळू फिरवून घ्या आणि प्रत्येक वाल्व्ह वर जाऊन परत खाली येतो का, ते डोळ्यांनी बघा. या इंजिनात ब्लॉकमधले वाल्व्ह अडकणं हा उभ्या गाडीचा ठरलेला आजार आहे. अडकलेला वाल्व्ह वरून पातळ तेल सोडून, लाकडाच्या तुकड्याने हलकेच ठोकून सोडवता येतो. मग इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उघडून जुनं तेल काढा. त्यात पाणी निघेल, दुधासारखा गाळ निघेल, तो सगळा रॉकेल किंवा डिझेलने धुऊन काढा आणि साधं खनिज तेल, २०डब्ल्यू-४०, भरा. त्यानंतर प्लग काढलेल्या अवस्थेतच बराच वेळ हँडलने फिरवा, म्हणजे तेल बेअरिंगांपर्यंत पोचेल. मग चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन गेजने मोजा. आकडा किती आला यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे महत्त्वाचं. एखादा फारच मागे असेल, तर हेड उतरवून बघायचं, नाहीतर हेडला हात लावू नका. बोरिंग, वाल्व्ह सीट किंवा बुश ओतून घ्यायची वेळ आलीच, तर पुण्याला नेऊ नका. साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूर गाठा. शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवाल्यांचा हात पिढ्यांपासून जुन्या इंजिनांवर बसलेला आहे.

ठिणगीसाठी डेल्कोचे (प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचे) पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करा आणि फट ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर ठेवा. कन्डेन्सर नवा टाका. प्लगच्या वायरींचा क्रम १-३-४-२. ही गाडी ‘काही केल्या चालू होत नाही’ म्हणून सोडून दिली जाते, तेव्हा बऱ्याचदा दोन वायरी उलट लागलेल्या असतात.

पेट्रोलचं मात्र तुमच्या अप्पांच्या वेळेपेक्षा वेगळं आहे. २०२५ पासून देशभरच्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि कोकणात ओलावा किती असतो ते तुम्हाला सांगायला नको. जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपाचा पडदा त्याने फुगतो, मऊ पडतो आणि झिरपायला लागतो. हे गरम इंजिनाजवळ होतं. म्हणून सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारच्या घ्या, पंपाचा पडदाही तसाच मागून घ्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल सोडून जाऊ नका. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. ती आत्ताच काढून बाहेर मोकळ्यावर रिकामी करा. आतला गंज मूठभर नटबोल्ट आणि डिझेल घालून हलवून निघतो. तिला भोक असेल, तर वेल्डिंगवाल्याकडे तशीच कधीही नेऊ नका. वर्षानुवर्षं रिकामी असलेली पेट्रोलची टाकीसुद्धा वेल्डिंगच्या ठिणगीने फुटते. राळेने सांधणं किंवा नवी टाकी घेणं, हे दोनच मार्ग.

इंजिन मुरत असेल, तेव्हा ब्रेकचं काम पूर्ण करा. चारही चाकांना ड्रम आहेत आणि सगळ्यांना एकच तेलाचा मार्ग. म्हणजे कुठेही एक नळी फुटली, की पूर्ण पॅडल खाली जातं. आजच्या गाड्यांसारखा अर्धा ब्रेक उरत नाही. म्हणून इथे ‘चालतंय ना’ म्हणून काहीही जुनं ठेवू नका. मास्टर सिलिंडर पायाखालच्या पत्र्याच्या खाली असतो. तुमचा तो पत्रा कुजलाय, म्हणजे पाणी आणि चिखल थेट त्यावर पडत राहिलाय. मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, रबरी होज आणि लोखंडी नळ्या, सगळं नवं. शूवरचं जुनं लायनिंग अॅस्बेस्टॉसचं असण्याची शक्यता मोठी आहे. ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. लहान मुलं त्या वेळी जवळ नकोत.

स्टिअरिंगमध्ये खेळ असणार. लोक थेट स्टिअरिंग बॉक्स बदलतात. त्याआधी पुढच्या एक्सलजवळ मधोमध असलेला बेल क्रँक बघा. स्टिअरिंगच्या दांड्यांची ओढ त्याच्यावरून वळते आणि त्याचा पिन-बुश झिजला की गाडी रस्त्यावर भरकटते. पुढे टाय रॉड एंड आणि किंगपिनचे बेअरिंग. पुढच्या हाउसिंगच्या दोन्ही टोकांना जे गोळे आहेत, त्यांच्या सीलमधून पाणी आत गेलं असेल, तर ग्रीस राखाडी झालेलं दिसेल. ते पूर्ण काढून धुवा.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर सहसा आपल्या आयुष्यापेक्षा जास्त टिकतात. तेल बदला, काढलेल्या तेलात पितळेचे किंवा लोखंडाचे तुकडे आहेत का बघा, नसतील तर उघडू नका. तीन गिअर आहेत आणि पहिल्याला सिंक्रो (गिअर अलगद जुळवणारी सोय) नाही, तेव्हा गाडी पूर्ण थांबल्यावरच तो टाका. फोर व्हील टाकून बघायचं असेल, तर शेतात किंवा चिखलात बघा. ट्रान्सफरमध्ये पुढच्या-मागच्या चाकांतला फरक सोसणारी यंत्रणा नाही. डांबरी रस्त्यावर फोर व्हीलमध्ये वळण घेतलं, की सगळा ताण क्रॉस आणि गिअरवर येतो.

पत्र्याआधी चेसिस. लहान हातोडी घेऊन पूर्ण चेसिस ठोकत जा, विशेषतः मागच्या बाजूला, जिथे पाट्यांचे हँगर आणि शॅकल, म्हणजे पाट्या चेसिसला जोडणारे भाग, बसतात. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं आणि पापुद्रे पडतात. पायाखालचा पत्रा गेला, ही मोठी गोष्ट नाही. त्या पत्र्याला खालून ज्या टोपीसारख्या पट्ट्या जोडलेल्या असतात, त्यांच्यात माती साठून त्या आतून कुजतात. नवा पत्रा कुजलेल्या पट्टीवर मारला, तर दोन पावसाळ्यांत परत तेच. पट्ट्याही बदला. काम आर्कवाल्याकडून करून घेऊ नका, पातळ पत्रा जळतो. सीओटू वेल्डिंगवाला शोधा. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा आणि टाकी गाडीपासून लांब ठेवा. दारात ‘नवा टब बसवून देतो’ म्हणणारे येतील. तुमचा पुढचा भाग आणि बाजू धड असतील, तर मूळ टब ठेवा. त्यावरचा प्रत्येक पोचा त्या गाडीचा आहे.

रंगाचं काम दिवाळीनंतर, आणि होळीच्या आत. हवेत ओलावा असताना मारलेल्या रंगाखाली गंज जिवंत राहतो. गंज खरवडून फॉस्फोरिक आम्लाचं गंजरोधक, मग इपॉक्सी प्रायमर, मग रंग. खड्डे बुजवायची लांबी (पुट्टी) जितकी कमी, तितकं चांगलं.

वायरिंग दुरुस्त करत बसू नका, पूर्ण नवं करा आणि प्रत्येक मार्गाला फ्यूज द्या. टायरचं माप ६.००-१६ असावं. हे माप ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांनाही असतं, म्हणून तालुक्याच्या दुकानात लगेच स्वस्तात मिळेल. तो टायर घेऊ नका. ट्रॅक्टरचा रेघांचा टायर रस्त्यावरच्या वेगासाठी आणि ब्रेकसाठी बनलेला नसतो.

पैशांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात तो प्रश्न निघणारच. खर्चाचा मोठा वाटा इंजिनात जातो असं वाटतं. प्रत्यक्षात पत्रा, रंग, सीट आणि हुड यांत तो जातो. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, नळ्या आणि वायरिंग यांचे पैसे आधी वेगळे काढून ठेवा, त्यांना दुसऱ्या कशासाठी हात लावू नका. उरेल त्यातून पत्रा. रंगासाठी या वर्षी उरलं नाही, तर गाडी प्रायमरवर उभी राहिली तरी चालेल.

काकांशी भांडू नका. ते गाडी भंगारात द्या म्हणतात, त्यात कदाचित तुमची काळजीच असेल. त्यांनी अनेकांची अशी अर्धवट कामं पाहिली असतील. शिवाय अप्पांच्या वेळी ती गाडी त्यांनीही हाकलेली असणार. त्यांना विचारा: शेवटची कधी चालू होती, तेव्हा काय बिघडलं होतं, कुणाकडे दुरुस्त होत होती, इंजिन कधी उघडलं होतं का. ही माहिती कुठल्याच पुस्तकात नाही आणि ती जाणणारी माणसं दरवर्षी कमी होतात. आईचं गप्प बसणं मी इथून ओळखू शकत नाही. पण काम सुरू करण्याआधी त्यांना एकदा सरळ विचारा, की ही गाडी पुन्हा अंगणात चालू झालेली त्यांना हवी आहे का. त्यांना ते सोसणार नसेल, तर गाडी पुण्याजवळ हलवून काम करता येईल. हा निर्णय तुमचा एकट्याचा नाही.

ब्रेक, स्टिअरिंग आणि इंजिन झालं, की पहिली फेरी सपाट शेतात, पहिल्या गिअरमध्ये. पुढच्या सीटवर एकच माणूस, हाताशी आग विझवायचं सिलिंडर, आणि दहा पावलांवर ब्रेक लावून बघायचा. घराचा रस्ता उताराचा असेल, तर त्या दिवशी तिकडे तोंड वळवू नका.

पुढच्या फेरीत तीन गोष्टी करा: छप्पर झाका, प्लग काढून तेल सोडा, आणि मागच्या दोन्ही हँगरचे जवळून फोटो काढा. ते फोटो आणि इंजिनावरचा नंबर मला पाठवा. हँगर कुजले असतील, तर वर सांगितलेला क्रम बदलेल. मग चेसिसचं काम ब्रेकच्याही आधी घ्यावं लागेल आणि त्यासाठी टब उतरवणं टाळता येणार नाही.